पूजेच्या दिवशीचं रक्त

मुनियांडी देवाच्या जत्रेत मायांडी मटणाच्या पानावरून अर्ध्यातच उठला, तेव्हा पंगतीतल्या लोकांना वाटलं, याला कुणाचा तरी राग आला असावा. मायांडीने पानात अन्न टाकलेलं मदुरैच्या ज्या सूतगिरणीत तो कामाला होता तिथे कुणाच्या बापाने पाहिलं नव्हतं. तरुणपणी या माणसाने पैजेवर बावीस परोटे खाल्ले होते आणि तेविसावा 'तोंड पुसायला' म्हणून मागून घेतला होता. रस्सा वाढणारे त्याच्यापाशी आले की बादली खाली ठेवूनच उभे राहत.

आता तोच मायांडी केळीचं पान आपल्या बाजूला दुमडत होता. पान आपल्याकडे दुमडलं की जेवणारा तृप्त झाला. पलीकडे दुमडायचं ते फक्त मयताच्या जेवणात. रीत त्याने पाळली होती, पण दुमडलेल्या पानातून भात बाहेर डोकावत होता.

"अण्णा, एवढ्यात झालं?" त्याच्या धाकट्या बहिणीने, वडिवूने विचारलं.

"झालं गं. इंजेक्शन चालू आहे ना, भूकच लागत नाही." हे त्याने असं सांगितलं, जणू कुणी त्याला शाल पांघरली होती. मग शेजारच्याकडे वळून म्हणाला, "माझ्या आतड्यात एक रस कमी आहे. जन्मापासून. तो आता बाहेरून घालतात. मोठा शोध लागलाय, तोही माझ्यावरच!"

'जन्मापासून' असं डॉक्टरांनी त्याला दिलेल्या कागदात कुठेही नव्हतं. वडिवूला ते माहीत होतं, कारण कागदावरचा आकडा तिच्याच हाताखालून गेला होता. आणि तो आकडा मुळातच खोटा आहे, हेही तिला माहीत होतं. इतके महिने ती स्वतःला सांगत आली होती की खोट्या आकड्याने कुणाचं काय बिघडतंय. त्या दुपारी भावाच्या खांद्यावरून घसरणारा सदरा पाहिला आणि काय बिघडतंय ते तिला दिसलं.

वडिवू एकवीस वर्षं मधुमेहाच्या एका खाजगी संशोधन केंद्रात रक्त काढत होती. हात असा हलका की सुई आत जाऊन बाहेर आली तरी म्हाताऱ्या विचारत, "कधी टोचणार?" केंद्राचे मुख्य डॉक्टर तिल्लैनायगम. मागच्या वर्षी त्यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. पोटात अन्न गेलं की आतडी रक्तात एक हॉर्मोन सोडतात. ते साखरेला आवर घालतं आणि डोक्याला सांगतं की पुरे आता, ऊठ. ऐन प्रौढपणी ज्यांना साखर लागली त्यांच्या रक्तात हे हॉर्मोन किती आणि निरोगी माणसांच्या रक्तात किती, हे ताडून पाहायचं होतं. चाळीस रोगी, चाळीस निरोगी. आधी उपाशीपोटी रक्त काढायचं, मग सगळ्यांना सारखीच न्याहारी द्यायची आणि पुढच्या दोन तासांत चार वेळा रक्त काढायचं.

हॉर्मोन मात्र भारी नाजूक. रक्तातच त्याचा वैरी बसलेला असतो, तो त्याला मिनिटामिनिटाला खातो. म्हणून नळी लगेच बर्फात घालायची, अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवायची, वर येणारं पिवळं पाणी वेगळं काढून गोठवून टाकायचं. उशीर झाला की हॉर्मोन गेलं. नळीकडे पाहून काही कळत नाही, रक्त लालच दिसतं.

रोगी मिळता मिळेनात. गिरणीत साखरवाले ढीगभर होते, पण पाळी बुडवून चार तास कोण बसणार? शेवटी मायांडीनेच खटपट करून स्वतःसकट चौदा जण गोळा केले आणि दिवसही त्यानेच सुचवला. गिरणीतली आयुधपूजा आदल्या संध्याकाळी उरकायची आणि पूजेच्या दिवशी भोंगा बंद असायचा. सगळ्यांना एकदम मोकळीक असा वर्षातला तोच एक दिवस होता.

आयुधपूजेला मदुरैत सगळी हत्यारं विसावा घेतात. रिक्षावाला रिक्षा धुऊन तिला केळीचे खुंट बांधतो, शिंपी मशीनला हार घालतो, सुतार करवतीला गंध लावतो. एकदा गंध लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी देव उठेपर्यंत त्या हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. केंद्रातही सकाळी सातलाच पूजा झाली. वडिवूने स्वतःच्या हाताने सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर चंदनाची तीन बोटं ओढली, मधोमध कुंकू टेकवलं, वर झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

आठ वाजता चौदा जण उपाशीपोटी येऊन बसले. पहिल्या नळ्या भरल्या, बर्फात गेल्या. त्या उचलून वडिवू यंत्रापाशी गेली आणि तिथेच थांबली.

"सार, यंत्र पूजेत आहे."

डॉक्टर परदेशात शिकून आलेले, पण त्यांच्या कपाळावरचं कुंकूही तिच्याइतकंच ठसठशीत होतं. त्यांनी माळेकडे पाहिलं, बाकावर बसलेल्या चौदा जणांकडे पाहिलं.

"राहू दे बर्फात. सगळं झालं की फ्रीजमध्ये ठेवून दे. उद्या सकाळी चांगली वेळ बघून माळ काढू आणि फिरवू. एका दिवसाने काय होतंय?"

काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पूजेतलं यंत्र चालवायची छाती तिच्यात नव्हती, आणि महिनाभर वाट पाहून मिळालेले चौदा रोगी परत पाठवायची डॉक्टरांच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी यंत्र फिरलं. वहीत 'नळी किती वेळात फिरवली' असा रकाना होता. तिथे वडिवूने रोजच्या सवयीने 'वीस मिनिटे' लिहिलं आणि खाली सही ठोकली. देव बसला होता असं लिहायला वहीत जागा नव्हती.

जानेवारीत आकडे आले. रोग्यांच्या रक्तात हॉर्मोन निरोग्यांपेक्षा चांगलं पाचव्या हिश्श्याने कमी! डॉक्टरांनी सगळ्यांना मैसूरपाक वाटला. मधुमेहाच्या केंद्रात मैसूरपाक, पण आनंदाला पथ्य नसतं. सर्वांत खालचे आकडे कुणाचे हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. चौदाच्या चौदा गिरणीवाले तळाशी होते. तेवढे बाजूला ठेवले तर रोगी आणि निरोगी यांच्यात फारसा फरक उरत नव्हता. वडिवूने एकदा ते पाहिलं आणि कागद मिटून ठेवला.

प्रत्येक रोग्याला त्याच्या आकड्याचं सहीशिक्क्याचं पत्र मिळालं. बाकीच्यांनी ते कुठेतरी कोंबलं असेल. मायांडीने मात्र प्लास्टिकचं वेष्टण चढवून आणलं आणि देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं.

त्याला तसंच कारण होतं. चौदा वर्षं त्याला साखर होती आणि चौदा वर्षं त्याची बायको पेच्ची एकच पाढा म्हणत होती, "खा, खा! बापाला खाण्याने नेलं, तुम्हालाही नेईल. माझं कुंकू तुमच्या जिभेवर टांगलंय." गुळाचा डबा ती कुलपात ठेवायची आणि किल्ली गळ्यातल्या ताळीला, म्हणजे मंगळसूत्राला, अडकवायची. आई मरताना ना नातवंडांचं काही बोलली, ना शेताचं. "जिभेला आवर रे," एवढंच म्हणाली. पायाचा अंगठा चिघळून कापावा लागला तेव्हा शेजारी भेटायला आले, दोन मिनिटं हळहळले आणि जिना उतरताना एकमेकांना म्हणाले, "बावीस परोटे!" रोग त्याला झाला होता आणि गुन्हाही त्याच्याच नावावर होता. आता एवढ्या मोठ्या डॉक्टरच्या शिक्क्याचा कागद सांगत होता की दोष जिभेचा नव्हे, आतड्याचा.

त्याने पेच्चीला समोर बसवून तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. पेच्चीला अक्षर कळत नव्हतं, शिक्का कळत होता. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली.

"मग इतकी वर्षं मी उगाचच बोलले का हो तुम्हाला?"

"जाऊ दे," मायांडी म्हणाला. "तुला तरी काय माहीत."

पेच्चीने किल्ली ताळीपासून सोडवली आणि देवापुढे ठेवली. त्या घरातलं भांडण त्या दिवशी मिटलं. वडिवू दारातच उभी होती. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा अण्णा मान वर करून बसलेला तिने पाहिला आणि ती तशीच माघारी फिरली.

मग अभ्यासाचा दुसरा भाग निघाला. ज्यांच्या रक्तात हॉर्मोन सर्वांत कमी, त्यांना त्याच जातीचं औषध दर आठवड्याला पोटावर टोचायचं. बसून खाणाऱ्या जाड माणसांना हे औषध लाभतं. पण मायांडी चाळीस वर्षं यंत्रांमध्ये धावलेला माणूस. एवढं खाऊनही अंगावर मांस म्हणून नाही, सगळा मिळून एकसष्ट किलो. साखर उतरली, त्यात खोटं काही नाही. पण साखरेबरोबर भूक गेली आणि भुकेबरोबर माणूसही निघाला. आधी परोटा गेला, मग मटण, मग भात. सकाळची एक इडली दुपारपर्यंत पुरू लागली. पन्नासच्या खाली वजन गेलं की इंजेक्शन बंद, असा नियम होता. दर महिन्याला वजन करणारी वडिवूच. जत्रेआधी आठ दिवस काट्याने एकावन्न दाखवले होते.

जत्रेनंतरच्या रविवारी ती त्याच्या घरी गेली. तिला पाहून मायांडी खुर्ची द्यायला उठला आणि भिंत धरत धरत खाली बसला. वडिवूने काखेत हात घालून त्याला उचललं. तो एका हिसक्यात वर आला. माणसं काट्यावर चढवण्यात जन्म गेलेल्या हाताला अंदाज असतो. हे एकावन्न किलो नव्हते.

पेच्ची पाण्याचा तांब्या घेऊन आली. "वडिवू, एक विचारते, हसू नको हं. तुमच्या इस्पितळात लोखंड कशाला लागतं गं?"

"लोखंड?"

"हे बघ की." पेच्चीने हंड्यामागून जुन्या टॉवेलाचं गाठोडं ओढलं. आत चार लोखंडी रूळ होते, गिरणीतल्या सूत ओढायच्या यंत्राचे, झिजलेले, किलोकिलोचे. "महिन्याच्या महिन्याला इस्पितळात जाताना पट्टापट्टीच्या खिशात घालून नेतात आणि तसेच परत आणतात. मी म्हटलं, औषधाचंच काही असेल."

नेसलेल्या वेष्टीखालच्या त्या रेघारेघांच्या पट्टापट्टी चड्डीला शिंप्याकडून शिवून घेतलेले खोल खिसे असतात. गिरणीवाले त्यात विड्या ठेवतात. मायांडी भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"अण्णा, अरे सत्तेचाळीसवर आलास तू!"

"मग काय करू? इंजेक्शन बंद करतील ते," तो भिंतीलाच म्हणाला. "बंद केलं की आतड्यात रस कुठून येणार? अंगठा गेला, आता पाय जाऊ देऊ? तूच सांग, आहे का माझ्यात रस?"

वडिवू पाणी प्यायली आणि निघाली.

चौदांपैकी इरुळप्पन नावाच्या एकाने इंजेक्शन घ्यायला नकार दिला होता. पोटात सुई टोचून घ्यायची नाही, अशी बायकोने त्याला शपथ घातली होती. वडिवूने त्याला बोलावून घेतलं, उपाशी बसवलं, न्याहारी दिली, रक्त काढलं आणि सगळं नियमाप्रमाणे केलं. नळी बर्फात टाकून अकराव्या मिनिटाला ती यंत्रात फिरत होती. चार दिवसांनी आकडा आला. मागच्या वेळच्या अडीचपट! कुठल्याही निरोगी माणसाच्या शेजारी मांडी घालून बसेल असा आकडा. दोन्ही कागद घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सार, पूजेच्या दिवशीचं रक्त वाया गेलं होतं. चौदा जणांचं."

डॉक्टरांनी दोन्ही कागद नीट वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बस, वडिवम्मा. चहा घेणार?"

"नको सार."

"लेख छापून आलाय. पुढच्या महिन्यात मला जपानला बोलावलंय त्यावर बोलायला. आता या एका इरुळप्पनसाठी काय करू म्हणतेस?"

"माझ्या भावाचं इंजेक्शन थांबवा. त्याला त्याची गरजच नव्हती. त्याचा रस कमी नाही."

"त्याची साखर किती होती? आता किती आहे? मग तक्रार कसली?"

"सार, तो जेवत नाही हो."

"कमी जेवणं हाच तर औषधाचा गुण. आणि वजन एकावन्न आहे. तूच लिहिलंयस." डॉक्टरांनी मागच्या कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं. आवाज चढवला नाही. गोड बोलून गळा कापणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. "हे बघ. 'वीस मिनिटे.' सही कुणाची?"

"माझी. पण उद्या फिरवू असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो असेन. लिहिलंय कुठे? वडिवम्मा, हे बाहेर गेलं तर मला चार लोक प्रश्न विचारतील. तुला मात्र घरी बसवतील. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

रूळांचं तिने सांगितलं नाही. ती भावाच्या माघारी सांगायची गोष्ट नव्हती, आणि अजून तिला आशा होती की खरं कळलं की अण्णा आपणहून थांबेल. संध्याकाळी गिरणीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर तिने त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. चंदन, कुंकू, झेंडूची माळ, फ्रीज, वही, सही.

मायांडीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पेच्चीला सांगितलंस हे?"

"नाही."

"सांगू नको."

"अण्णा, तुझं आतडं चांगलं आहे. आनंदाची गोष्ट आहे ही! इंजेक्शन सोड, दोन घास खा, पहिल्यासारख्या गोळ्या घे, चाल."

"आनंदाची?" तो हसला तेव्हा गालाची हाडं वर आली. "चौदा वर्षं मी घरात चोरासारखा जेवलो. मटणाचा तुकडा तोंडात घालायच्या आधी मागे वळून बघायचो. त्या कागदाने मला माणसात आणलं. आता तू म्हणतेस तो कागद खोटा, म्हणजे ती म्हणत होती तेच खरं? सगळं माझ्या जिभेनेच केलं?"

"तसं नाही रे, साखर कुणालाही—"

"तुला सोसवत नाही माझं बरं झालेलं," तो उठत म्हणाला. उठायला त्याला बाकाची पाठ धरावी लागली. "तू चुकलीस, तुझी सही चुकली, तुझं कुंकू चुकलं. माझा कागद चुकलेला नाही."

महिनाअखेरीला तो वजनाला आला. आता एकट्याने येववत नव्हतं, म्हणून पेच्ची हात धरून आली होती. खोलीत डॉक्टरही होते. मायांडी काट्यावर चढला. काटा पन्नासच्या थोडा वर जाऊन थांबला. नोंद करायला वडिवूने पेन उघडलं. लिहून टाकलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. तिने पेन मिटलं.

"अण्णा, खिसे रिकामे कर."

"काय?"

"खिसे."

तो हलला नाही. मग तिनेच वाकून, लहानपणी त्याने तिच्या केसांत अडकलेली काटेरी फळं काढली होती तितक्याच सांभाळून, त्याच्या खिशांतून एकेक रूळ काढला आणि टेबलावर ठेवला. चारही ठेवून झाल्यावर काटा सेहेचाळीसवर आला. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. इंजेक्शनवरचा माणूस आपल्या दारात मेला तर काय होईल, याचं गणित त्यांना लगेच सुटलं असावं.

"बंद," ते म्हणाले. "आजपासून इंजेक्शन बंद."

"आणि माझा रस?" मायांडी काट्यावरूनच ओरडला. त्याच्या आवाजात आता रडू होतं. "डॉक्टरऐया, हिला सांगा तुम्ही! ही म्हणते माझा रस कमी नाही. तुमच्या सहीचा कागद आहे माझ्या घरात. सांगा हिला!"

डॉक्टर टेबलावरच्या रूळांकडे पाहत राहिले. जपानला जाऊन तासभर बोलणार होता हा माणूस, पण इथे त्याला एक वाक्य जमेना.

"काय म्हणते वडिवू?" पेच्चीने विचारलं.

आता सांगणं भाग होतं. नाहीतर आठ दिवसांत दुसरा कुठला तरी दवाखाना शोधून त्याने तीच सुई टोचून घेतली असती. वडिवू वहिनीकडे वळली. "अण्णी, त्या दिवशीचं रक्त शिळं झालं होतं. माझ्या हातून. कागदावरचा आकडा खरा नाही."

"म्हणजे यांचं आतडं?"

"चांगलं असणार. चौघांसारखंच."

पेच्चीने नवऱ्याकडे पाहिलं. आठ महिने ती ज्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती ते डोळे वडिवूच्या समोर बदलले. मायांडीनेही ते पाहिलं आणि तो काट्यावरून खाली उतरला.

वडिवूची नोकरी गेली नाही. तिला खाली नावं नोंदवायच्या खिडकीत बसवलं. या वर्षीच्या आयुधपूजेला सेंट्रिफ्यूजला कुंकू दुसऱ्या बाईने लावलं. डॉक्टर जपानहून आणलेला रेशमी रुमालही यंत्रावर घालायला विसरले नाहीत. चौदा जण त्या लेखात अजून तसेच आहेत, तळाशी.

पूजेचा प्रसाद, चण्याचं सुंडल आणि चुरमुरे, डब्यात घालून वडिवू दुपारी भावाकडे गेली. दोन महिन्यांत ती त्या घरी गेली नव्हती आणि तिला कुणी बोलावलंही नव्हतं. मायांडी जेवायला बसला होता. मान खाली घालून भराभर जेवत होता. गाल भरले होते, खांदे सदऱ्यात बसत होते. पेच्चीच्या ताळीला किल्ली परत लटकत होती. भाताचं गरम पातेलं तिने ज्या चौकोनावर टेकवलं होतं, तो वेष्टणातला कागद होता. उष्णतेने त्याला फोड आले होते.

"ये वडिवू, ये. बरी वेळेवर आलीस," पेच्ची म्हणाली. "बघ तुझ्या अण्णाला. तिसरा भात आहे. मी कशाला अडवू? आतडं शाबूत आहे, तूच सांगितलंस ना?" मग डाव घेऊन नवऱ्याकडे वळली. "वाढू अजून? घ्या की! रसाला काय तोटा आहे तुमच्यात? बापाला नेलं तसं तुम्हाला नेईपर्यंत खा."

मायांडीने पान पुढे सरकवलं. तिने वाढलं. तो जेवला. सांबार संपवलं, ताकभात संपवला, बोटांनी पान निपटून घेतलं. बहिणीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. वडिवू डबा मांडीवर घेऊन समोर बसली होती आणि तिला वाटत होतं, जेवतोय ना, मग बाकी सगळं चालेल. नाही बोलला तर नाही, जेवतोय ना.

जेवण झालं. मायांडीने तिच्याकडे पाहिलं, पानाची अलीकडची कड दोन्ही हातांनी उचलली आणि पान पलीकडे, तिच्या दिशेने दुमडलं.

मयताच्या पंगतीत दुमडतात तसं. मायांडी उठून हात धुवायला गेला. बराच वेळ पान कुणी उचलेना, तेव्हा वडिवूनेच ते उचललं आणि बाहेर गायीपुढे टाकायला नेलं. टाकताना ते उलगडलं. आत भाताचं शीतसुद्धा उरलं नव्हतं.